पडद्यावरील पान आणि हातांतील कागद

एखाद्या गृहस्थास कचेरींत एक तक्ता सादर करावयाचा असतो. संगणकाच्या पडद्यावर तो अगदीं स्पष्ट दिसतो. परंतु छापून हातीं आलेल्या कागदावर उजवीकडचा रकाना अर्धाच उतरलेला, कोष्टक मधोमध तुटलेलें, आणि शेवटच्या पानावर एका ओळीखेरीज कांहींच नाहीं! गृहस्थ छपाईयंत्रास दोष देतो. वास्तविक दोष बहुधा यंत्राचा नसतो. पडदा व कागद यांचे स्वभावच भिन्न आहेत, आणि पान तयार करणाऱ्यास त्या भेदाचा विसर पडलेला असतो.

पूर्वीं जन्मपत्रिका लांबच लांब कागदावर लिहून गुंडाळून ठेवीत. पोथी मात्र सुट्या पानांवर, समास सोडून लिहीत. वेबपान हें पत्रिकेच्या गुंडाळीसारखें आहे. उलगडावें तितका मजकूर खालीं येत राहतो आणि पडद्यागणिक त्याची रुंदीही बदलते. कागद पोथीच्या पानासारखा. त्याला कडा आहेत. भारतांत रूढ असलेला ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. अमेरिकेंतील लेटर कागद सुमारें २१६ मिलिमीटर रुंद व २७९ मिलिमीटर लांब. एका मापासाठीं बेतलेला मजकूर दुसऱ्यावर छापला, तर कोठें तरी जागा अपुरी पडणारच.

या अडचणीवर उपाय नाहीं, असें मात्र नाहीं. १९९४ सालीं हाकोन विउम ली यांनीं जिनेव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत असतांना मजकूर आणि त्याचें बाह्य रूप वेगळें ठेवण्याची एक योजना मांडली. तिच्यांतून सीएसएस नांवाची नियमावली निर्माण झाली. तिची पहिली आवृत्ति डिसेंबर १९९६ मध्यें आणि दुसरी मे १९९८ मध्यें प्रसिद्ध झाली. या दुसऱ्या आवृत्तींत, एकाच मजकुरास पडद्याकरितां एक आणि कागदाकरितां दुसरे नियम लावण्याची सोय आहे. छापतांना जाहिराती व बटणें लपवावीं, कोष्टकाची ओळ दोन पानांत तुटूं नये, मथळा पानाच्या तळाशीं एकटा राहूं नये, असें त्यांत सांगतां येतें. अधोरेखित शब्दावर कागदावर बोट ठेवून कांहीं उघडत नाहीं. म्हणून त्यामागील पत्ता शेजारीं छापण्याचीही व्यवस्था करतां येते. उलट, हे नियम न लिहिल्यास पडद्याच्या शिरोभागीं चिकटून राहणारी पट्टी प्रत्येक पानावर पुन्हा छापली जाऊन खालच्या ओळी झांकूं शकते.

असे नियम थोडक्या ओळींत लिहून होतात. तरी ते पुष्कळदां लिहिलेच जात नाहींत. त्याची झळ लागते ती कागदावरच ज्याचें काम अडलेलें असतें त्याला. खिडकीपाशीं उभ्या असलेल्या अर्जदाराचा शेवटचा आंकडा कापला गेला, किंवा वृद्ध आईसाठीं छापलेल्या औषधांच्या यादींतून एक रकाना गळाला, तर ती गैरसोय क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं.

घरच्या घरीं करण्याजोगे उपायही आहेत. छापण्यापूर्वीं पूर्वदृश्य पाहावें; कागदाचें माप ए-४ आहे ना, याची खात्री करावी. कोष्टक रुंद असल्यास कागद आडवा निवडावा, अथवा छपाईचें प्रमाण शंभराऐवजीं ऐंशी-नव्वद टक्के ठेवावें. शाई वांचावी म्हणून ब्राउझर पार्श्वभूमीचे रंग बहुधा छापीत नाहींत. रंगांतच अर्थ असेल तर ती सोय मुद्दाम चालू करावी. लेख छापावयाचा असल्यास ब्राउझरमधील वाचनदृश्य फार उपयोगी पडतें. समासांतील तारीख व पत्ता कित्येकांस नकोसा वाटतो, पण कागद पुरावा म्हणून जपावयाचा असेल तर तो राहूं द्यावा.

पान रचणाऱ्यानें तें लोकांपुढें ठेवण्याआधीं एकदां स्वतः छापून पाहिलें, तर यांतील बहुतेक खटाटोप वाचकाला करावाच लागणार नाहीं. तोंवर गृहस्थानें कचेरीची वाट धरण्यापूर्वीं, कागदावरील शेवटची ओळ पडद्यावरील शेवटच्या ओळीशीं ताडून पाहावी, हेंच श्रेयस्कर.