सुटणारा दोर

घोड्यावरून पडलेला स्वार बहुधा अंगावरची माती झटकून उठतो. परंतु पडतांना त्याचा पाय रिकिबींत अडकला, तर उधळलेलें घोडें त्याला फरफटत नेतें, आणि साधें पडणें जिवावर बेततें. पाण्यावरच्या एका खेळांत असाच प्रसंग येतो. तेथें घोड्याच्या ठिकाणीं मोटारबोट असते, आणि रिकिबीच्या ठिकाणीं दोराच्या मुठीला जोडलेला पट्टा. हा खेळ वॉटर-स्कीइंगचा, त्यांतही कसरतींचा.

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत पेपिन सरोवरावर १९२२ सालच्या जुलैच्या आरंभीं राल्फ सॅम्युअलसन नांवाचा १८ वर्षांचा तरुण पायांखालीं दोन लांब फळ्या बांधून बोटीमागें पाण्यावर उभा राहिला. फळ्यांचीं टोकें त्यानें गरम पाण्यांत मऊ करून वर वाकविलीं होतीं, आणि दोराच्या टोकास धरावयाला लोखंडी कडी होती. बोट त्याचा भाऊ चालवीत होता. त्या कडींत सुटकेची सोय आपोआपच होती. तोल गेला, कीं हात उघडावा. दोर पुढें निघून जाई आणि खेळाडू पाण्यांत मागें राही.

पुढें खेळांत कौशल्य आलें. कसरतींच्या स्पर्धेंत आतां खेळाडूला प्रत्येकीं २० सेकंदांच्या दोन फेऱ्या मिळतात, आणि तेवढ्यांत त्याला गिरक्या व उड्या साधावयाच्या असतात. त्यांतील कांहीं गिरक्या हातांत दोर न धरतां घ्याव्या लागतात. खेळाडू एक पाऊल मुठीच्या पट्ट्यांत घालतो आणि दुसऱ्या पायावर तोल सांभाळून फिरतो. येथें धोका उत्पन्न होतो. दोर ताणलेला असेपर्यंत पट्टा पावलावर आवळलेला राहतो. अशा वेळीं खेळाडू पडला, तर त्याचें शरीर पाण्याला अडतें, बोट मात्र पुढें ओढीत असते. गुडघा व घोटा पिरगळतात आणि डोकें पाण्याखालीं जातें. हात उघडून सुटावें, तर हातांत कांहींच नसतें. म्हणून सुटकेची सोय दोराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे बोटींत, करावी लागते.

ही सोय अनेक प्रकारांनीं होऊं शकते. बोटींतील खांबाला दोराचे वेढे देऊन टोंक हातांत धरणें हा सर्वांत सोपा दिसणारा उपाय. पण तो सर्वांत वाईट. ताणाखालीं वेढे आवळतात आणि धरणाऱ्याचीं बोटें त्यांत सांपडतात. दुसरा उपाय आपोआप सुटणाऱ्या आंकड्याचा. ठराविक ताण पडला, कीं तो उघडतो. परंतु जोराच्या गिरकीचा हिसका आणि पडण्याचा हिसका यांतील भेद त्याला कळत नाहीं. तो कधीं अवेळीं सुटेल, तर कधीं खेळाडू हळूच कलंडला असतां घट्टच राहील. विजेच्या बटणावर चालणारेंही यंत्र असतें. मात्र वीज बंद पडली असतां हातानें उघडण्याची सोय त्यासोबत असलीच पाहिजे.

भरंवशाचा प्रकार खिळीचा. खांबावरील आंकड्यांत दोराची कडी अडकविलेली असते, आणि आंकडा एका खिळीनें बंद ठेवलेला असतो. खिळीची दोरी ओढतांच आंकडा उलटतो व दोर निसटतो. पूर्ण ताण असतांना खीळ सहज निघते कीं नाहीं, हें बोट हांकण्यापूर्वी दोर ओढून धरून तपासावें. वाळू किंवा गंज यांमुळें ती अडत असेल, तर त्या दिवशीं पाय पट्ट्यांत घालूं नये. दोरही फारसा न ताणणारा असावा, कारण लवचिक दोर सुटतांच उसळतो. त्याच्या रेषेंत कोणीही बसूं नये.

तथापि खीळ स्वतः कांहींच पाहत नाहीं. पाहणारा मनुष्य निराळाच लागतो, आणि तो बोट चालविणारा नसावा. कारण चालकाची दृष्टि पुढें असते. खिळीवर बसलेल्यानें खेळाडूवरून नजर काढूं नये आणि शेजाऱ्याशीं बोलूं नये. कोणत्या कसरतीनंतर काय करावयाचें, हें दोघांनीं आधीं ठरवावें. शंका येतांच दोर सोडावा. तो थोडा लवकर सुटला, तर एक फेरी फुकट जाईल. उशिरां सुटला, तर गुडघा कायमचा अधू होण्याची भीति. दोर सुटतांच चालकानें वेग उतरवावा, तरंगता दोर पंख्यांत जाऊं न देतां वळून यावें आणि खेळाडूजवळ पोहोंचल्यावर यंत्र बंद करावें.

नवशिक्यानें ही कसरत प्रथम जमिनीवर, झाडाला बांधलेल्या दोरावर शिकावी. पाण्यावर गेल्यावर मात्र त्याची सुटका त्याच्या स्वतःच्या हातीं राहत नाहीं. ती बोटींतल्या सोबत्याच्या स्वाधीन असते. असा जागरूक सोबती मिळाला नाहीं, तर त्या दिवशीं दोर हातांतच धरावा.