आगमनकाळाची सिद्धता

एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याचा दौरा ठरला की आठ दिवसांत गावाचे रूप पालटते. वर्षभर उखडलेल्या रस्त्यावर मुरूम पडतो, कडेच्या दगडांना चुना लागतो, कचेरीतील कपाटांवरची धूळ झटकली जाते आणि कोपऱ्यात पडून राहिलेले अर्ज एकाएकी निकालात निघतात. दौरा आटोपला, मोटारींची धूळ खाली बसली, की सारे पूर्ववत होते. यात नवीन असे काही नाही. प्राचीन रोमन साम्राज्यात सम्राट किंवा त्याचा प्रतिनिधी नगरात यावयाचा असला म्हणजे असाच थाट होत असे. नागरिक वेशीबाहेर सामोरे जात, आणि या समारंभपूर्वक येण्याला लॅटिन भाषेत ‘आद्व्हेंतुस’ म्हणत. ख्रिस्ती पंचांगातील ज्या काळाला इंग्रजीत ‘ॲडव्हेंट’ आणि मराठीत ‘आगमनकाळ’ म्हणतात, त्याचे नाव याच शब्दावरून आले आहे.

नाताळापूर्वीचे चार रविवार ज्यात येतात असा हा काळ. पाश्चात्त्य पंचांगाप्रमाणे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी सुरू होतो. पाचव्या शतकात गॉल प्रांतातील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, तूर येथील बिशपांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा दंडक घालून दिला होता. पुढे रोममध्ये हा काळ चार आठवड्यांचा झाला, उपवासाची कडक शिस्त कालांतराने सैल होत गेली आणि उपासनेतील जांभळा रंग तेवढा त्या जुन्या व्रताची खूण म्हणून राहिला. आज शहरांतील बाजारपेठांत नाताळ डिसेंबरच्या पहिल्या तारखेलाच येऊन बसलेला असतो. त्यामुळे वाट पाहण्याचा हा काळ पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

वाट पाहावयाची म्हणजे करावयाचे काय? हा प्रश्न प्रथम ज्यांनी विचारला त्यांची हकीकत लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आली आहे. यार्देन नदीच्या परिसरात बाप्तिस्मा करणारा योहान उपदेश करीत होता. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील राजमार्गाचे चित्र त्याने लोकांसमोर उभे केले होते: प्रभू येत आहे, त्याच्यासाठी दऱ्याखोरी भरून काढावयाची, चढ सपाट करावयाचे, वाकड्या वाटा सरळ करावयाच्या. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यावा असे ते चित्र होते. पण काव्याने भारावून घरी परत न जाता लोकांनी एक व्यवहारी प्रश्न विचारला, ‘मग आम्ही काय करावे?’ योहानाची उत्तरेही तितकीच व्यवहारी आहेत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक, ज्याच्याजवळ नाही त्याला द्यावा, आणि अन्नाच्या बाबतीतही तसेच करावे. पुढे जकातदार आले. रोमन राजवटीत जकातीच्या वसुलीचा मक्ता दिला जाई, आणि ठरल्यापेक्षा अधिक उकळले तेवढे वसूल करणाऱ्याच्या पदरात पडे. योहानाने त्यांना राजीनामा देऊन रानात येण्यास सांगितले नाही. नेमून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. शिपायांना सांगितले की दमदाटीने कोणाचा पैसा घेऊ नका, कोणावर खोटे आरोप करू नका आणि मिळेल त्या वेतनात भागवा.

एखाद्या सरकारी परिपत्रकासारखी रुक्ष वाटावीत अशी ही उत्तरे आहेत. देवाच्या स्वागतासाठी त्यांत ना यज्ञ आहे, ना यात्रा. पण जकातनाक्यावर किंवा चौकीत एक दिवस जरी ज्याने काढला असेल, त्याला हे परिपत्रक अमलात आणणे उपवासापेक्षा किती अवघड आहे, हे सांगावयास नको. उपवास चार आठवड्यांनी सुटतो. वरकमाई सोडली तर ती दुसऱ्या महिन्यातही सोडावी लागते, आणि घरातल्या माणसांना त्याचे कारण सांगत बसावे लागते.

तथापि योहानाची शिकवण हा केवळ उंबरठा होय. ज्याची वाट पाहावयाची तो याच्याही पुढे गेला. तो जकातदारांच्या पंक्तीला बसला, कुष्ठरोग्यांना त्याने स्पर्श केला, आणि अखेरच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताच्या या वृत्तीचे सार सांगितले आहे: आपला अधिकार धरून न ठेवता त्याने स्वतःला रिते केले आणि सेवकाचे रूप घेतले. पंधराव्या शतकात थॉमस अ केंपिस यांनी ‘ख्रिस्तानुकरण’ या विषयावर जो ग्रंथ लिहिला, त्याने या वृत्तीचे आकर्षण ख्रिस्ती जगाबाहेरही पोहोचविले. १८८९ मध्ये त्याच्या काही भागाचा बंगाली अनुवाद करणारे गृहस्थ पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला ज्ञात झाले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

म्हणजे आगमनकाळात ज्याची प्रतीक्षा करावयाची तो दौऱ्यावर येणारा साहेब नव्हे. तो गव्हाणीत येतो. अशा पाहुण्यासाठी दगडांना चुना लावणे हास्यास्पद ठरते. त्याला सामोरे जाण्याची एकच रीत उरते, आणि ती म्हणजे तो जसा आहे तसे होऊ लागणे. मराठी माणसाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. पुंडलिकाच्या दारी देव आला तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. हातचे काम सोडून तो उठला नाही. त्याने वीट पुढे केली, आणि देव तिच्यावर उभा राहिला. दोन्ही धर्मांतील देवाच्या येण्याची कल्पना एकच आहे, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. पण शुभवर्तमानातही एक दृष्टान्त आहे: धनी परत येईल तेव्हा जो सेवक नेमून दिलेल्या कामात गुंतलेला आढळेल, तो धन्य. येणाऱ्याने आपल्याला कोणत्या कामात पाहावे, हा आगमनकाळाचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील हांबुर्ग शहराजवळ एका जुन्या घरात दिले गेले. आगमनकाळाची जी खूण आज जगभर ओळखली जाते, ती त्याच घरातून बाहेर पडली. योहान हिनरिश विखर्न हे या घराच्या संस्थापकाचे नाव. १८०८ मध्ये हांबुर्ग येथे त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी वडील वारले, आणि शिकवण्या करून घरखर्चाला हातभार लावीत त्यांनी शिक्षण घेतले. ग्योटिंगेन आणि बर्लिन येथे धर्मशास्त्राचा अभ्यास संपवून ते परत आले तेव्हा त्यांना पाळकाची जागा मिळाली नव्हती. १८३२ मध्ये सेंट गेऑर्ग या वस्तीतील रविवारच्या शाळेचे काम त्यांनी पत्करले. शाळेत येणारी मुले घरी कशी राहतात, हे पाहण्यासाठी ते त्यांच्या घरी जाऊ लागले. दारिद्र्य, दारू, अंथरुणावाचून झोपणारी मुले, चोरी करून पोट भरणारी मुले, असे जे जे दृष्टीस पडले त्याची त्यांनी टिपणे करून ठेवली. हांबुर्ग हे त्या काळी युरोपातील एक संपन्न बंदर होते. त्याच्या श्रीमंतीपासून हाकेच्या अंतरावर असलेले हे जग बहुसंख्य प्रतिष्ठित नागरिकांना ठाऊक नव्हते; निदान ठाऊक नसल्यासारखे ते वागत असत.

१८३३ मध्ये कार्ल सीवेकिंग या नगराधिकाऱ्यांनी शहराबाहेर होर्न येथील आपल्या जागेतील एक छोटे, जुने घर विखर्न यांना दिले. ‘राउएस हाउस’ हे त्याचे रूढ नाव. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर विखर्न आपल्या आईला घेऊन तेथे राहावयास गेले. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. वर्ष संपेपर्यंत घरात बारा मुले झाली. त्या काळी अशा मुलांना ठेवण्याच्या जागा म्हणजे तुरुंग किंवा तुरुंगासारखी सुधारगृहे. विखर्न यांच्या घराला कोट नव्हता, दाराला कुलूप नव्हते. नव्याने आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले जाई की मागे जे झाले ते सारे क्षमा केले आहे, आणि त्याविषयी येथे कोणी बोलणार नाही. हा नियम लिहिण्यास सोपा आहे, पाळण्यास महाकठीण. संस्था म्हटली की नोंदवही आली, आणि नोंदवहीत मुलाचा पूर्वेतिहास पहिल्या पानावर असतो. मुलाने एखादी खोडी केली की ते पान उघडण्याचा मोह मोठमोठ्यांना आवरत नाही.

मुलांची संख्या वाढली तेव्हा एकच मोठी बराक न बांधता आवारात लहान लहान घरे उभारण्यात आली. सुमारे बारा मुलांचे एक कुटुंब आणि त्यांच्याबरोबर राहणारा, त्यांच्याच ताटात जेवणारा एक तरुण ‘भाऊ’, अशी रचना होती. मुलींसाठीही पुढे सोय झाली. मुले बागेत, शेतात, कारखान्यात काम करीत आणि शिकत. ख्रिस्तासारखे जगणे या शब्दांचा अर्थ त्या ‘भावां’च्या दिनक्रमात शोधला पाहिजे. प्रवचन आठवड्यातून एकदा होते. रात्री अंथरूण ओले करणाऱ्या, खोटे बोलणाऱ्या, पळून जाऊन परत येणाऱ्या मुलाजवळ राहणे रोज असते. विखर्न यांच्या चरित्रात नाट्यपूर्ण प्रसंग फारसे नाहीत, आणि कदाचित त्यामुळेच ते विश्वसनीय वाटते.

आता त्या खुणेची हकीकत. डिसेंबर जवळ आला की मुले विखर्न यांच्यामागे लकडा लावीत, ‘नाताळ कधी?’ ज्या मुलांना कोणत्याही आश्वासनाची पूर्ती होताना पाहण्याची सवय नव्हती, त्यांच्या दृष्टीने ‘आता लवकरच’ या उत्तराला काही किंमत नव्हती. त्यांना मोजता येईल असे काही तरी हवे होते. १८३९ च्या आगमनकाळात विखर्न यांनी गाडीचे एक लाकडी चाक घेतले, त्यावर वीस लहान तांबड्या आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या, आणि ते प्रार्थनागृहात टांगले. पहिला रविवार १ डिसेंबरला होता. त्या दिवशी एक पांढरी मेणबत्ती लागली. सोमवारपासून रोज एक तांबडी आणि दर रविवारी एक पांढरी. नाताळच्या पूर्वसंध्येला सर्व चोवीस ज्योती पेटल्या. सगळ्यात लहान मुलालाही रोज संध्याकाळी मान वर करून मोजता येत होते की किती झाले आणि किती उरले.

या चाकाला पुढे हिरव्या फांद्यांचे वेष्टण आले. मोठे चाक घराघरांत मावणारे नव्हते, म्हणून रविवारच्या चार मेणबत्त्या तेवढ्या ठेवून लहान वर्तुळ करण्यात आले, आणि विसाव्या शतकात प्रॉटेस्टंट घरांतून ते कॅथलिक चर्चमध्येही गेले. आज वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्ये वेदीजवळ असे मेणबत्त्यांचे वर्तुळ दिसते, ते याच चाकाचे वंशज. सजावटीत मूळ हेतू झाकला जातो, ही सर्व खुणांची गत आहे. आज पुष्कळ ठिकाणी हे वर्तुळ दुकानातून विकत आणले जाते. चाक मुळात घरच्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर होते, हे त्यावर कोठेही लिहिलेले नसते.

विखर्न यांना संत ठरविण्याची आवश्यकता नाही. सप्टेंबर १८४८ मध्ये व्हिटेनबेर्ग येथील धर्मपरिषदेत त्यांनी केलेल्या भाषणातून जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या सेवाकार्याची देशव्यापी संघटना उभी राहिली, हे त्यांचे मोठे कार्य. पण त्याच वर्षीच्या राज्यक्रांतीकडे ते केवळ अश्रद्धेचा उद्रेक म्हणून पाहत होते. कामगार भीक मागत नसून हक्क मागत आहे, हे त्यांना उमगले नाही असे पुढच्या अभ्यासकांनी म्हटले, आणि त्यात तथ्य आहे. १८५७ मध्ये ते प्रशियाच्या गृहखात्यात तुरुंग-सुधारणेच्या कामावर रुजू झाले. बर्लिनमधील मोआबिट येथील तुरुंगात त्यांनी आपल्या संस्थेतील ‘भावां’ना पहारेकरी म्हणून आणले, तेव्हा सरकारी नोकरीत धार्मिक बंधुसंघाचे काम काय, असा आक्षेप जाहीरपणे घेतला गेला. आक्षेप निराधार नव्हता. कोट नसलेल्या घरात जे साधले होते, ते कोट असलेल्या इमारतीत तसेच साधेल हा विखर्न यांचा विश्वास फार भोळा होता. मुलाने त्या घरात राहण्याचे ठरविलेले असे. कैद्याला तशी निवड नसते.

१८८१ मध्ये हांबुर्ग येथे विखर्न यांचे निधन झाले. १९४३ च्या जुलैमधील बाँबवर्षावात संस्थेच्या बहुतेक इमारती नष्ट झाल्या. युद्धानंतर काम पुन्हा उभे राहिले आणि आजही ते चालू आहे. त्या पहिल्या चाकाचा हिशेब मात्र दर वर्षी नव्याने करावा लागतो. रविवार चारच असतात, पण पहिल्या रविवारची तारीख बदलते, म्हणून आगमनकाळ कधी बावीस दिवसांचा येतो, कधी अठ्ठावीस दिवसांचा. मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या तितक्याच राहतात. कामाच्या दिवसांच्या लहान तांबड्या किती लागतील, ते पंचांग पाहून ठरवावे लागते.