कावळ्यांचा पिंजरा



आंबागडच्या बाजूला काय किंवा दुसऱ्या कुठल्या गावी काय, अंगणात कोंबडीची पिल्ले फिरू लागली की कावळा टपलेलाच! मग लोक विचारतात, "गुरुजी, कावळे धरायचा पिंजरा कसा करावा?"

पूर्व आफ्रिकेत आपल्याकडून गेलेला गावकावळा इतका वाढला, की तो पिंजऱ्यांनी धरावा लागला. हा पिंजरा म्हणजे जाळीची लहानशी खोलीच. तिचे छप्पर मधोमध खाली उतरते व तेथे आडवी शिडी असते. पायऱ्यांत जेमतेम वीतभर फट. आतले खाद्य पाहून कावळा पंख मिटून उतरतो. वर उडताना मात्र पसरलेले पंख पायऱ्यांना अडतात. युक्ती आहे ती एवढीच.

परंतु आपल्याकडे असा पिंजरा लावण्याआधी कायदा पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढली. १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू आहे. म्हणून वनखात्याला विचारल्यावाचून कावळा धरू नये.

मग पिल्लांचे काय? पिंजरा पिल्लांसाठी करा! बांबूच्या कामट्यांचा, बोटभर फटींचा, बिनतळाचा. आत पाणी, वर सावली. जागा रोज बदला. उष्टेखरकटे व मेलेले उंदीर उघड्यावर टाकू नका. ते कावळ्याला आमंत्रणच होय.

गुरुजींनी हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांकडून असा एक पिंजरा जरूर करवून घ्यावा.