लसूण का करपतो?



आज आपण लसणाविषयी बोलू. मोठ्या शेतातल्या लसणाविषयी नव्हे. परसात, न्हाणीच्या पाण्यावर आपण जे एक-दोन वाफे लावतो, त्यांच्याविषयी.

एवढ्याशा वाफ्याचे काय बोलायचे, असे कुणी म्हणेल. तर 2024 सालचा फेब्रुवारी आठवा. बाजारात लसूण किलोला 400 रुपयांवर गेला होता. ज्यांच्या आढ्याला लसणाची माळ होती, त्यांची चटणी चालू राहिली.

लसूण आपण दसरा-दिवाळीच्या सुमारास लावतो. पुढे दीड-दोन महिने पात हिरवीगार असते. मग एके दिवशी शेंडे पिवळे पडतात, वाळतात. पात वाकडी होते. घरातले म्हणतात, पाणी कमी पडले. शेजारी म्हणतो, युरिया टाक. एखादी आजी म्हणते, नजर लागली. आम्ही म्हणतो, थांबा. आधी पोंगा उघडून पहा.

पोंगा म्हणजे मधली कोवळी पाने जिथे एकत्र मिळतात ती जागा. दोन बोटांनी पाने बाजूला करा आणि उजेडात धरा. आत पिवळसर, लांबट, सुईच्या टोकाएवढे किडे पळताना दिसतात का? हे फुलकिडे. दुकानदार त्यांना थ्रिप्स म्हणतो. हा किडा पान खरवडतो आणि आतला रस पितो. म्हणून पानावर चंदेरी पांढरे ठिपके पडतात. हवा कोरडी झाली, ऊन तापू लागले, की तो फार वाढतो.

यावर निंबोळीचा अर्क चांगला. 50 ग्रॅम निंबोळीची पूड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा. साबणाचा लहानसा तुकडा त्यात विरघळवा. साबण विसरू नका. लसणाची पात मेणचट असते, तिच्यावरून नुसते पाणी घरंगळून जाते. संध्याकाळी फवारा, पण पोंग्यात उतरेल असे फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. कुणी राख टाकतात. वाईट नाही, पण पोंग्यात दडलेल्या किड्यापर्यंत ती पोचत नाही. बाजारचे विषारी औषध मात्र परसात नको. पात आपण तोडून खातो ना!

आता समजा, किडा नाही. पण पानावर खोलगट डाग आहेत आणि डागाच्या मध्ये जांभळा रंग आहे. तो करपा. ही बुरशी आहे. ढगाळ हवेत आणि दवात ती पसरते. डाग पडलेली पाने काढून जाळा. पाणी सकाळी द्या, बुडाशी द्या, पातीवर शिंपडू नका.

आणि रोप ओढताच हातात आले, मुळे कुजलेली निघाली, तर ती सड. तिथे पाणी साचत असणार. असे रोप उकिरड्यात टाकू नका. ते खत पुन्हा वाफ्यातच जाते, आणि रोगही. त्या जागी काही वर्षे कांदा-लसूण लावू नका. मेथी, हरभरा काहीही लावा.

युरियाचे म्हणाल, तर फार युरियाने पात लुसलुशीत होते आणि किड्याला आयतेच फावते. उशिरा टाकला तर गड्ड्याला जागीच कोंब फुटतात. मग तो गड्डा टिकत नाही.

एक गोष्ट राहिली. लसणाला आपण बी पेरत नाही. पाकळीच लावतो. पाकळीत रोग असला तर तोही लावला जातो. आणि आपण करतो काय? वर्षभर मोठे गड्डे खातो आणि उरलेसुरले बारीक बेण्याला ठेवतो. हे उलटे आहे. काढणीच्या दिवशीच बेणे निवडा. घट्ट, भरलेले, डाग नसलेले गड्डे घ्या. कुदळीचा घाव लागलेला घेऊ नका. पातीसकट सावलीत वाळवा, वेणी घाला आणि वारा लागेल अशा जागी टांगा. त्या वेणीला लाल चिंधी बांधा. म्हणजे चटणीच्या घाईत कुणाचा हात तिला लागणार नाही.