लोकप्रियतेचे मूळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा सारांश)



कार्यक्रमांची आखणी करताना प्रत्येक मंडळात एक वाद हटकून उद्भवतो : दर्जेदार कार्यक्रम ठेवावा की लोकप्रिय? लोकांना जे आवडते ते हलकेच असणार, असे यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत आज तपासून पाहू.

उदाहरण गीतरामायणाचे घेऊ. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचा आरंभ झाला. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्यास एक नवे गीत, असा हा क्रम वर्षभर चालला. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली.

रामकथा तर प्रत्येकास ठाऊक होती. मग श्रोते आठवडाभर वाट कशाची पाहत होते?

पहिली गोष्ट, परिचिताचा आधार. लहान मूल तीच गोष्ट पुनःपुन्हा मागते आणि एक शब्द बदलला तरी हटकते. मोठेपणीही ही गरज सुटत नाही. दुसरी गोष्ट, सोबत. तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हता; ज्याच्याकडे असे, त्याच्याकडे शेजारीपाजारी जमत. तिसरी गोष्ट, दुःखाला शब्द. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो, ते गीत मृत्यूची छाया पडलेल्या घरालाही आपले वाटते. श्रमलेल्या व शोकाकुल माणसाला विश्रांती देणे हे भरतमुनींनीही नाट्याचे एक प्रयोजन मानले आहे.

या गरजा भागवताना कलेत कोठेही तडजोड झाली नाही. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा यांच्यासारखे गायक त्यात गायले. रागांची नावे ठाऊक नसलेल्यांनीही त्या चाली कंठात साठवल्या. लोकप्रियता आणि दर्जा यांचे वैर नाही, हे याहून अधिक स्पष्ट कसे व्हावे?

अर्थात, भूक खरी असली म्हणजे समोर येईल ते अन्न सकस ठरत नाही. याच गरजांवर पुष्कळ निकस मालही खपतो. पण म्हणून भुकेलाच नावे ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

आपली मुले येथेच वाढली. परिचिताचा आधार आणि सोबत त्यांना क्रिकेटमध्ये, हिंदी चित्रपटात, हातातल्या मोबाईलवर मिळते. त्यात त्यांचा दोष नाही. मराठी आपण केवळ कर्तव्य म्हणून त्यांच्यापुढे ठेवली, तर ती आदराने ऐकतील आणि उठून जातील. त्यांना श्रोत्यांच्या खुर्च्यांवर बसवून ठेवू नका. समूहगानात उभे करा. दरवर्षी ठरलेल्या दिवशी, ठरलेली चार गाणी सर्वांनी मिळून म्हणावीत. अर्थ आज अर्धाच कळला तरी चालेल. चाल कंठात राहिली, तर अर्थ विचारायला ती आपणहून येतील.