तिहेरी शर्यत आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे एरवी बाहेरगावच्या पाहुण्या बाई येतात आणि आरोग्य, बालसंगोपन किंवा काटकसर ह्यांवर चार उपयुक्त गोष्टी सांगून जातात. ह्या खेपेस चिटणीसबाईंनी घरच्याच माणसाला उभे केले आहे. "तुमची ती शर्यत म्हणजे काय ते एकदा सर्वांना नीट सांगून टाका, म्हणजे नाना तऱ्हेच्या बातम्या तरी थांबतील," असे त्यांचे म्हणणे पडले. बातम्या माझ्याही कानांवर आल्या आहेत. कोणी म्हणते, ही बाई रत्नागिरीहून कोल्हापूरपर्यंत सायकलने गेली. कोणी म्हणते, मांडवीहून भाट्याला पोहत गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. खरी गोष्ट पुष्कळ लहान आहे. परंतु ती आपणा सर्वांच्या उपयोगाची आहे असे वाटल्यावरून मी हे बोलण्याचे धाडस करीत आहे.

ह्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. आपण तिला तिहेरी शर्यत म्हणू. आधी पोहायचे, पाण्यातून निघून तडक सायकलवर बसायचे आणि सायकल ठेवून तडक धावत सुटायचे. मध्ये विसावा नाही. मोजे घालण्यात जो वेळ जातो तोसुद्धा घड्याळात धरला जातो. ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणे असे अंतर असते. त्याच्या बरोबर निम्मी अशी छोटी शर्यत असते : ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. मी भाग घेतला तो ह्या छोट्या शर्यतीत. पंचवीस मीटरच्या तलावात तीस वेळा हे टोक ते ते टोक करावे, मग सायकलने रत्नागिरीहून साधारण पावस गाठावे आणि तिथे उतरून पाच किलोमीटर पळावे, असे डोळ्यांसमोर आणा.

हा खेळ फार जुना नाही. १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे धावण्याचा सराव करणाऱ्या एका क्लबाने गंमत म्हणून तो सुरू केला. पुढे १९७८ साली हवाई बेटांवर त्याची प्रचंड आवृत्ती निघाली : जवळजवळ ३.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन. तिला आयर्नमॅन म्हणजे लोखंडी पुरुष असे नाव पडले. पहिल्या वर्षी १५ जण उतरले, १२ जणांनी ती पुरी केली आणि ते सर्व पुरुष होते. परंतु दुसऱ्याच वर्षी, १९७९ साली, लिन लमेअर नावाची एक बाई त्यांत उतरली आणि एकंदरीत पाचवी आली. नाव मात्र लोखंडी पुरुष असेच राहिले!

बायकांच्या बाबतीत ह्या खेळाचे एक वेगळेपण आहे. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, त्यानंतर 'हे त्यांना झेपत नाही' म्हणून ती शर्यतच काढून टाकली. ती परत यायला १९६० साल उजाडले. बायकांना मॅरेथॉन तर १९८४ पर्यंत मिळाली नाही. तिहेरी शर्यत ऑलिंपिकमध्ये आली ती २००० साली, सिडनीला. त्या वेळी बायकांची शर्यत आधी झाली आणि पुरुषांची दुसऱ्या दिवशी. अंतर दोघांनाही तेच. ह्या खेळाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक स्वित्झर्लंडच्या ब्रिजिट मॅकमाहन ह्या बाईंच्या गळ्यात पडले.

आपल्या बाजूलाही हा खेळ आता परका नाही. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅनची निम्म्या अंतराची शर्यत झाली. कोल्हापूरलाही राजाराम तलावावर अशा शर्यती होत आल्या आहेत. तेथेच छोट्या अंतराच्या गटात मी उतरले. तेव्हा मला ४६ वे वर्ष चालू होते.

आता तुम्ही विचाराल, ह्या वयात हे खूळ डोक्यात आले कुठून? त्याचे कारण माझी मुलगी. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी पोहण्याच्या स्पर्धा भरतात. तिथे ती जाई आणि मी टॉवेल व डबा घेऊन वाळूत बसे. एका वर्षी पाण्यात एका मुलाने हात वर केला. व्यवस्था चोख होती. होडी लगेच गेली, मुलगा सुखरूप बाहेर आला. परंतु होडी पोचेपर्यंतच्या त्या मिनिटभरात त्याची आई घोट्याइतक्या पाण्यात गेली आणि तिथेच उभी राहिली. पुढे जाण्याची विद्या तिच्याजवळ नव्हती. माझ्याजवळही नव्हती. आम्ही दोघीही समुद्राकाठच्या, खाडीचे वारे पिऊन वाढलेल्या. आणि आमची मुले पाण्यात असताना आम्हाला पाण्यात पाऊल टाकता येत नव्हते! घरी परत आल्यावर मी मुलीलाच म्हटले, "मला शिकव."

भगिनींनो, आपल्यापैकी किती जणींना पोहता येते? हात वर करू नका, मनातच मोजा. रत्नागिरीला तीन बाजूंनी पाणी आहे. उधाण कधी, भांग कधी हे आपल्याला तिथीवरून कळते. मासे घ्यायला जाताना सुकती-भरतीचा हिशेब आपण तोंडपाठ करतो. नारळी पौर्णिमेला नारळ देतो. पण त्या पाण्यात तरंगायचे कसे हे मुलग्यांना शिकवले गेले. आपल्याला 'लांब राहा' एवढेच सांगितले गेले.

पोहायला मी गावातल्या तलावात शिकले, समुद्रात नव्हे, हे आधी सांगते. पहिले आठ दिवस हात-पाय मारणे नाहीच. कठडा धरून पाण्यात तोंड घालायचे आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे. श्वास पाण्याबाहेर घ्यायचा हे कोणीही सांगेल. तो पाण्यात सोडायचा असतो, हीच खरी किल्ली आहे. नवशिका माणूस भीतीने श्वास कोंडून धरतो, छातीत जुनी हवा साठते, नवीन हवेला जागा राहत नाही आणि जीव घाबरा होतो. बुडण्याचे भय निम्मे इथेच असते. नंतर उताणे तरंगणे, मग पाय, मग हात. चौथ्या महिन्यात मी न थांबता २०० मीटर पोहले. पोशाखाची अडचणही वाटते तेवढी नाही. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ विजारीसारखा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. त्यात शरीर झाकलेले राहते, आणि पाण्यात तर डोक्यावरच्या टोपीखेरीज काही दिसतच नाही.

सायकल मला शाळेपासून येत होती. फक्त तीस वर्षे तिची गाठ पडली नव्हती. मुलीच्याच गिअरच्या सायकलवर मी भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला जाऊ लागले. कोकणात सपाट रस्ता शोधून सापडत नाही, तेव्हा चढाचा सराव आपोआप होतो. चढ समोर दिसताच, म्हणजे तो लागण्याआधीच, हलका गिअर टाकावा आणि पाय भरभर फिरू द्यावेत. जड गिअरवर जोर केला की गुडघे बोलू लागतात. धावायला मी सुकतीच्या वेळी भाट्याच्या ओल्या वाळूवर जाई. ती घट्ट असते आणि पायांना डांबरी रस्त्यासारखा दणका बसत नाही. प्रथम एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे करीत करीत पाच किलोमीटर झाले.

मात्र तिन्ही वेगवेगळे येणे निराळे आणि एकापाठोपाठ करणे निराळे. सायकलवरून उतरून पहिल्यांदा धावू लागले, तेव्हा पाय माझे नव्हेतच, कोणाचे तरी उसने आणलेले लाकडी पाय आहेत असे वाटले. सायकलवर पाय एकाच चालीत गोल फिरत राहतात. जमिनीवर त्यांना अंगाचा सगळा भार एकदम पेलावा लागतो. ते जमायला पाच-दहा मिनिटे लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सायकलला लागूनच दहा मिनिटे धावायचे, ही सवय करावी लागते.

ह्या साऱ्याला वेळ कुठून आणला? पहाटे साडेपाच ते साडेसहा. त्या तासात घरात पाणी भरायचे असते, डबा असतो, सासूबाईंचा चहा असतो. ती कामे नाहीशी होत नाहीत. ती कोणीतरी करावी लागतात. आमच्याकडे चहा व पाणी 'हे' करू लागले, आणि भाजी रात्रीच चिरून ठेवू लागलो. पहिला महिनाभर चहा कडू होत होता. सासूबाई तो मुकाट्याने प्यायल्या, हा त्यांचा माझ्या शर्यतीतला वाटा मी फार मोठा मानते. निघताना त्यांनी एवढेच सांगितले, "अगो, लोक पुढे गेले तर जाऊ देत. तू नीट परत ये म्हणजे झालं."

शर्यतीच्या दिवशी उजाडण्यापूर्वीच आम्ही तलावावर होतो. रात्री भात, पहाटे नाचणीची पेज आणि दोन केळी, एवढाच आहार. दंडावर शाईने नंबर घातला, घोट्याला वेळ मोजणारी पट्टी बांधली. सायकली ओळीने टांगलेल्या. प्रत्येकीखाली टॉवेल, बूट, पाण्याची बाटली. माझ्या बाटलीत मीठ-साखर घातलेले कोकम होते. नियम कडक, पण शहाणपणाचे असतात. शिरस्त्राणाचा पट्टा आवळल्याखेरीज सायकलला हात लावायचा नाही. आखलेली रेघ ओलांडल्यावाचून सायकलवर बसायचे नाही. दुसऱ्याच्या मागे चिकटून त्याच्या आडोशाने सायकल हाकायची नाही. पोहणे पहिले ठेवले आहे तेही उघडच आहे. थकलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये.

पाण्यात उतरल्यावर मात्र शंभर मीटर जातात न जातात तोच माझा श्वास अडकला. पाणी गार, सभोवती हात-पाय मारणारी माणसे, आणि तलावाच्या फरशीवर असते तशी पट्टी तळाशी कुठेच नाही. खाली नुसता काळोख. अशा वेळी काय करायचे हे नियमातच लिहिलेले आहे आणि ते मला फार आवडते. जवळच्या होडीला किंवा तराफ्याला हात धरून तुम्ही विश्रांती घेऊ शकता. फक्त तिला धरून पुढे सरकायचे नाही. मी होडीला हात धरला. होडीतला मुलगा म्हणाला, "घाई नाही, काकू." मी पाण्यात तोंड घातले आणि शिकले होते तसे हळूहळू बुडबुडे सोडले. वीस बुडबुड्यांनंतर हात सोडला. मग दर आठ-दहा हातांनी डोके वर काढून तरंगता नारिंगी फुगा बघायचा आणि त्याच्या रोखाने जायचे, असे करीत काठ गाठला. २८ मिनिटे लागली. सायकलला ५८, धावायला ४१, आणि दोन बदलांत मिळून ८ : एकूण २ तास १५ मिनिटे. माझा नंबर शेवटच्या दहांत होता. पदक पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मिळाले. ते सध्या सासूबाईंच्या कपाटात आहे.

ही सारी हकीकत ऐकून 'तुमचे ठीक आहे, आमचे वय गेले' असे कोणी म्हणेल. अमेरिकेत मॅडोना बुडर नावाच्या एक ख्रिस्ती जोगीण आहेत. त्या धावायला लागल्या ४८ व्या वर्षी, आणि २०१२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी कॅनडात पूर्ण अंतराची लोखंडी शर्यत पुरी केली. आपल्याला ८२ व्या वर्षापर्यंत थांबण्याचे कारण नाही, आणि लोखंडी होण्याचेही कारण नाही. मात्र दमा, रक्तदाब, मधुमेह असेल तिने डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आणि पोहता येऊ लागले म्हणून समुद्राशी सलगी करू नये. मी अजूनही त्यात एकटी उतरत नाही, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. समुद्राकडे नेणाऱ्या ओढीत कधी सापडलाच, तर सरळ किनाऱ्याकडे येण्यासाठी झगडू नका; किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हा आणि मग काठाकडे वळा. तेवढी शक्ती नसेल तर उताणे तरंगा आणि हात वर करा. हे आपल्या मुलाबाळांना आज घरी गेल्यावर सांगाच.

आता मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्या वर्गांत शिवण आहे, भजन आहे, पाककृती आहे. त्यांत पोहण्याची भर घालावी. आठवड्यातून दोन दिवस एक तास तलाव फक्त बायकांसाठी राखून मिळावा आणि शिकवायला बाई असावी, असा अर्ज मंडळाने करावा. एकटीने विचारले तर 'एकीसाठी वेळ कसा ठेवणार' असे उत्तर मिळते, ते मला मिळाले आहे; वीस सह्या असल्या की तेच उत्तर देणे अवघड जाते. मागच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. पहिल्या ओळीवर माझे नाव आहे आणि दुसरीवर, विश्वास ठेवा, आमच्या सासूबाईंचे. त्या म्हणतात, त्यांना फक्त तरंगायला शिकायचे आहे. तेवढे आले तरी पुष्कळ झाले.

शर्यतीत कोणी उतरावे न उतरावे, ही जिची तिची हौस. पण समुद्राकाठच्या बाईला पाण्यात स्वतःचा जीव सांभाळता यावा, आणि वेळ आली तर घोट्याइतक्या पाण्यात थांबून राहण्याची पाळी तिच्यावर येऊ नये, ही मात्र हौस नव्हे. चहा होईपर्यंत वही भरावी अशी विनंती करते.