म्हातारपण नव्हे, हृदयाचं दुखणं
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पऱ्हाटीचं पान लाल पडलं की मी बांधावरूनच सांगतो, लाल्या आला. पण माझ्याच घरात वडिलांचे पाय सुजले, चार पावलांत दम लागू लागला, तेव्हा शेतकीची पदवी घेतलेला मी म्हणालो, "वय झालं." अशक्तपणा म्हणून गावातच सलाईन लावली. त्याच रात्री दम इतका वाढला की त्यांना बसवून जिल्ह्याला न्यावं लागलं.

हृदय म्हणजे पंप. जुना रक्तदाब, मधुमेह, पूर्वी येऊन गेलेला झटका यांनी तो कमजोर होतो. रक्त पुढे पुरेसं जात नाही, मागे तुंबतं. फुफ्फुसात आणि पायांत पाणी साचतं. अशा माणसाला सलाईन लावणं म्हणजे चिबडलेल्या रानात पुन्हा पाणी सोडणं.

खुणा ध्यानात ठेवा. सपाट निजलं की दम लागतो, उशाला जास्त उशा लागतात, रात्री दचकून उठून बसावं लागतं. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा राहतो. दोन-तीन दिवसांत 2 किलो वजन वाढतं. ते मांस नव्हे, पाणी. म्हातारं माणूस एकाएकी थकतं, जेवण सोडतं, कधी बरळतं. सूज मूत्रपिंडाच्या दुखण्यानेही येते. म्हणून अंदाज नको. ईसीजी, इको आणि रक्ततपासणी करा.

उपाय आहे. एक गोळी लघवीवाटे पाणी काढते, दुसऱ्या हृदयावरचा भार हलका करतात. बरं वाटलं म्हणून त्या मनानं बंद करू नका. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन दुकानातून आणून देऊ नका. त्यांनी अंगात पाणी धरतं. लोणचं, पापड, खारं कमी करा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वजन भराभर वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

बसल्या जागी दम, ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस, असं दिसलं तर 108 ला फोन करा. आडवं करू नका, बसवूनच न्या.

माझे वडील त्यानंतर तीन वर्षं ओट्यावर बसून नातवंडांशी बोलले. कापूस काट्यावर चढला की आपण किलोकिलोचा हिशेब पाहतो. घरच्या म्हाताऱ्याच्या दोन किलोंचाही पाहा. आज घरी गेल्यावर आईबापाच्या नडगीवर एकदा अंगठा दाबून बघा.